एकसष्ट जणांचं ‘नको, नको’

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी कुठे चढलो? मी अख्ख्या गावाला चढवलं! वर तीन राज्यांतल्या एकोणीसशे माणसांना चढवलं! तेसुद्धा घरच्या आरामखुर्चीत बसून, पायात लोकरीचे मोजे घालून!

मी मर्ल स्कोगस्टाड. मिनेसोटातल्या आमच्या लुंडबी गावात तेहतीस वर्षं मी रस्त्यावरचा बर्फ ढकलायची गाडी चालवली. ज्या माणसाने तेहतीस हिवाळे बाजूला सारले त्याला एक फ्रीझरची कंपनी सारायला कितीसा वेळ लागणार, असं मला वाटलं. तीन वर्षं लागली. आणि शेवटी बाजूला सारला गेलो तो मीच. पण ते पुढे.

आधी एक गोष्ट कबूल करून टाकतो. ही मी तुम्हालाच सांगतोय. लॅव्हॉनला, म्हणजे माझ्या बायकोलासुद्धा मी ही तीन वर्षं सांगितली नव्हती.

माझा शेजारी ऑर्विन टव्हाइट. आम्ही दोघं शाळेपासूनचे. त्याची बायको मार्लिस तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात गेली. आजार कळल्यावर त्या बाईने काय केलं? उन्हाळाभर ओट्याशी उभी राहून हॉटडिशचे चाळीस डबे केले! खाली खिमा, मधे मटार आणि मशरूमचं सूप, वर बटाट्याचे कुरकुरीत तुकडे. ज्याला धड अंडं उकडता येत नाही अशा नवऱ्यासाठी. सगळे डबे गॅरेजमधल्या मोठ्या फ्रीझरमध्ये रचले. प्रत्येकावर चिकटपट्टी, पट्टीवर तिचं अक्षर. ‘कांदा कमी.’ ‘हा आधी संपव.’ ‘पाहुणे आले तर.’ ती गेल्यावर ऑर्विन दर रविवारी एक डबा काढायचा. दोन नाही, एकच.

जानेवारीत एका दुपारी मी त्याच्याकडे पत्ते खेळायला गेलो. बाहेर उणे तीस. असल्या थंडीत गाडी चार तास नुसती उभी राहिली की तिचं इंजिन लोखंडी पाटा होऊन बसतं, म्हणून आम्ही गाडीलाही वायर जोडून ऊब देतो. मी माझी लांबलचक नारिंगी वायर काढली. ऑर्विनच्या गॅरेजमध्ये सॉकेट एकच. त्यात काहीतरी खुपसलेलं होतं. मी ते उपसलं, माझी वायर लावली आणि पत्ते खेळायला बसलो. निघताना वारा असा होता की नाक जागेवर आहे का ते चाचपून बघावं लागत होतं! मी गाडीकडचं टोक तेवढं सोडवलं आणि म्हटलं, वायर उद्या नेऊ.

तो उद्या काही उगवला नाही.

आता तुम्ही म्हणाल, फ्रीझर त्याच दिवशी वितळला असेल. छे! आमचं गॅरेज जानेवारीत फ्रीझरपेक्षा गार असतं! फेब्रुवारी गेला, मार्च गेला, ऑर्विन रविवारी डबे काढतोय, डबे दगडासारखे कडक! बंद पडलेला फ्रीझर तीन महिने हिवाळ्याच्या जिवावर चालू होता. मग ईस्टरला ऑर्विन पंधरा दिवस फार्गोला लेकीकडे गेला आणि आमच्याकडे ऊन पडलं.

तो परत आला त्या दिवशी वास माझ्या अंगणापर्यंत आला. मी धावत गेलो. ऑर्विन गॅरेजच्या दारात पाठमोरा उभा होता. चौदा डबे शिल्लक होते. तो म्हणाला, “जाताना झाकण नीट लावलं नसेल मी.” आणि बादली आणायला आत गेला.

तेवढ्यात माझी नजर सॉकेटकडे गेली. नारिंगी वायर! माझी!

मी काय करायला हवं होतं ते तुम्हाला कळतंय, मलाही कळत होतं. मी ती वायर उपसून फ्रीझरच्या मागे कोंबली, फ्रीझरचा प्लग जागेवर लावला, आणि ऑर्विन बादली घेऊन आला तेव्हा म्हणालो, “होतं असं कधीकधी. मनाला लावून घेऊ नकोस.” त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

तेव्हापासून दर हिवाळ्यात लॅव्हॉन विचारायची, “मर्ल, नारिंगी वायर कुठाय?”

“असेल कुठेतरी.”

“तू तर खिळ्यावरसुद्धा नाव लिहून ठेवणारा माणूस! तुझी वस्तू हरवेलच कशी?”

आणि ऑर्विन गावभर सांगत सुटला की झाकण त्याच्याच हातून उघडं राहिलं. कॉफी प्यायला बसला की मधेच म्हणायचा, “एक झाकण लावता आलं नाही मला.” मी कपात बघायचो. कप रिकामा असला तरी!

त्याच ऑगस्टात माझाही फ्रीझर बसला. अख्खं हरीण गेलं! मेकॅनिक म्हणाला, “झाकणाचं रबर आकसलंय. या कंपनीच्या सगळ्याच फ्रीझरची रड आहे. गावातला हा सहावा.” हरीण गेल्याचं दुःख मला मिनिटभरच झालं. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. ऑर्विनचा फ्रीझर त्याच कंपनीचा! आम्ही सेलमध्ये एकाच दिवशी घेतले होते. म्हणजे चूक ऑर्विनची नाही, माझी नाही, रबराची! फक्त ते कंपनीने तोंडाने कबूल करायला हवं. देवच पावला!

मी मिनिआपोलिसच्या वकीलबाईंना फोन लावला. रेनी शॅफर त्यांचं नाव.

“मिस्टर स्कोगस्टाड, तुमच्या एकट्याच्या फ्रीझरसाठी केस केली तर माझी फी फ्रीझरच्या दहापट होईल,” त्या म्हणाल्या. “कंपनीला हे पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच तिला शांत झोप लागते.”

“मग गप्प बसायचं?”

“नाही. तुमच्यासारखे अजून किती आहेत ते शोधायचं आणि सगळ्यांची मिळून एकच केस करायची. सामूहिक दावा. सगळ्यांच्या वतीने एकजण पुढे उभा राहतो. जिंकलो तर माझी फी त्यातूनच निघेल. हरलो तर तुमच्या खिशाला हात नाही.”

“आणि बाकीच्यांनी काय करायचं?”

“काहीच नाही. घरी पत्र आलं की ते उघडून वाचायचं.”

“तेच अवघड आहे हो!”

पुढे उभा राहणारा एकजण अर्थातच मी झालो. कागदावर माझं नाव आणि पुढे ‘व इतर सर्व’! मी ते कागद तीन वेळा मोठ्याने वाचले. लॅव्हॉन म्हणाली, “इतर सर्वांमध्ये मी येते का?” म्हटलं, “येतेस.” ती म्हणाली, “मग इतर सर्वांसाठी जरा कचरा बाहेर ठेवून ये.”

मग कंपनीच्या वकिलांनी मला सहा तास प्रश्न विचारले. झाकण कुठल्या हाताने लावता? लावल्यावर दाबता का? किती दाबता? मी म्हटलं, “अहो, फ्रीझर आहे, पियानो नाही!” त्यांनी तेही लिहून घेतलं. रेनीबाईंनी टेबलाखालून माझ्या बुटावर बूट ठेवला आणि पुढचे चार तास काढला नाही.

शेवटी कंपनी तडजोडीला आली. प्रत्येकाला नवा फ्रीझर द्यायला ती तयार झाली. रेनीबाई खूश. मी म्हटलं, “आणि प्रत्येक घरी एक पत्र हवं. झाकणाचं रबर सदोष होतं, तुमची काही चूक नव्हती, असं लिहिलेलं.”

“कंपन्या असं कधी लिहून देत नाहीत हो! फ्रीझर घ्या आणि सोडा.”

“पत्र नाही तर माझी सही नाही!”

आठ महिने मी त्या पत्रासाठी अडून बसलो. रेनीबाईंना वाटलं, काय तत्त्वाचा माणूस आहे! एकदा तर त्यांचा आवाज भरून आला. तत्त्व कसलं डोंबलाचं? एक वाक्य मला स्वतःच्या तोंडाने बोलायचं नव्हतं, ते मी एका कारखान्याकडून लिहून घेत होतो. ऑर्विन ते पत्र वाचेल, मान हलवेल, आणि आमची दोघांची सुटका होईल. बाकी अठराशे अठ्ठ्याण्णव लोक आपले वऱ्हाडी!

आणि कंपनी कबूल झाली!

जानेवारीत एकोणीसशे घरी पत्रं गेली. रेनीबाईंनी मला फोनवर बजावलं, “लोकांसमोर तीन रस्ते आहेत. फॉर्म भरला तर फ्रीझर आणि पत्र मिळेल. काहीच केलं नाही तर काही मिळणार नाही आणि पुढे स्वतःची केसही करता येणार नाही. तिसरा रस्ता म्हणजे ‘मला वगळा’ असं कळवायचं. पण नीट ऐका. पन्नासच्या वर लोकांनी वगळून घेतलं तर कंपनीला सगळी तडजोड मोडायची मुभा आहे. तेव्हा तुम्ही स्वतः कुणाला काही समजावू नका. प्रश्न आला की माझ्याकडे पाठवा.”

“हो हो,” मी म्हटलं. तेव्हा मी चर्चच्या तळघरातल्या भाषणाची तिसरी ओळ लिहीत होतो.

आता आमच्या गावाची एक रीत सांगायला हवी. कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं. दुसऱ्यांदा ‘खरंच नको’ म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, तुम्ही म्हणताच आहात तर अगदी छोटा तुकडा’ म्हणायचं. अकरा वर्षांपूर्वी शिकागोचा एक विमा एजंट आला होता, तो पहिल्याच वेळी ‘हो, द्या’ म्हणाला! त्याच्याबद्दल आमच्याकडे अजून दबक्या आवाजात बोलतात. आणि ताटलीतली शेवटची वडी कुणी घेत नाही. तिचं अर्धं करतात, अर्ध्याचा पाव करतात, पावाचा चुरा उरतो, तो चुरा घरमालकीण दुसऱ्या दिवशी पक्ष्यांना घालते.

असल्या गावात मी भाषण केलं!

तळघर गच्च भरलं होतं. शेजारच्या दोन गावांतलीही माणसं आली होती. मी केस कशी लढवली ते सांगितलं, पियानोचा किस्सा सांगितला, हशा पिकला. मग पहिल्या रांगेतली आर्डेल आजी उठली. वय एक्क्याण्णव.

“मर्ल बाळा, सगळ्यांनी घेतलं तर ऑर्विनच्या वाट्याला कमी नाही ना यायचं? त्याचं नुकसान खरं मोठं. माझं काय, दोन पाकिटं मटार गेले.”

इथे ‘वकीलबाईंना विचारा’ एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द! पण समोर दीडशे माणसं माना वर करून बसलेली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच बर्फाच्या गाडीबाहेर उभा राहून बोलत होतो. शिवाय पाहुण्याला नाही म्हणायची वाट मोकळी ठेवणं ही आपली सभ्यता.

“आजी, ज्याला नको असेल त्याने तसं कळवायचीही सोय आहे,” मी म्हटलं. “उरेल ते गरजवंताला होईलच की!”

हे मी कुठून काढलं? असं कुठल्याही कागदात नव्हतं. प्रत्येकाचा फ्रीझर ज्याचा त्याचा होता, एकाने सोडला म्हणून दुसऱ्याला दोन मिळणार नव्हते. पण टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत ऑर्विन खाली बघत बसला होता. मला वाटलं, भारावलाय.

दुसऱ्या दिवसापासून पोस्टात रांग! पोस्टातली ट्वायला मला म्हणाली, “मर्ल, गावाला झालंय तरी काय? नाताळातसुद्धा एवढी पाकिटं नसतात.” माझी छाती अशी फुगली की कोटाचं बटण तुटलं. मी ट्वायलाकडून तिकिटांची अख्खी गुंडाळी घेतली आणि म्हटलं, “या पाकिटांचा खर्च माझ्याकडून! लावा हवी तेवढी!” आर्डेल आजीच्या पाकिटाला तर मी स्वतःच्या जिभेने तिकीट चिकटवलं. आजी म्हणाली, “देव तुझं भलं करो.”

तीन आठवड्यांनी फोन आला.

“मिस्टर स्कोगस्टाड,” रेनीबाईंचा आवाज हळू होता, “तुमच्या गावाचं तुमच्याशी काही वैर आहे का?”

“छे! काल मला चर्चमध्ये उभं राहून मान दिला!”

“एकसष्ट जणांनी स्वतःला वगळून घेतलंय. तीन राज्यांत मिळून एकसष्ट. एकसष्टच्या एकसष्ट तुमच्याकडचे.”

मी खुर्चीत बसलो. खुर्ची होती हे नशीब.

“ऐका,” त्या म्हणाल्या आणि पत्रं वाचू लागल्या. “‘आभारी आहोत, पण आमचा फ्रीझर झाकणावर मिठाची गोणी ठेवली की छान चालतो. ऑर्विनला द्यावा.’ हे दुसरं. ‘आम्हाला नको, खरंच नको. ऑर्विनला द्यावा.’ ही एक आजी आहे, तिने सोबत पाच डॉलर पाठवलेत. ‘वकीलबाईंच्या कॉफीसाठी.’ मी सव्वीस वर्षं वकिली करतेय. मला पहिल्यांदाच प्रतिवादीऐवजी अशिलांचा राग यायला हवा आणि तो येत नाहीये!”

“आणि ऑर्विनचं काय? त्याला तर मिळेल ना?”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“ऑर्विन टव्हाइट. एकसष्टांत तेही आहेत. फक्त दोन ओळी. ‘माझं नाव वगळावं. माझी फ्रीझरबद्दल तक्रार नाही.’”

तक्रार नाही असं त्याने का लिहिलं असेल? ते मी स्वतःला विचारलं नाही. विचारायला वेळही नव्हता, कारण रेनीबाईंनी न्यायाधीशांकडून एक आठवडा मागून घेतला होता. शुक्रवारी पाचपर्यंत अकरा जणांनी सही करून वगळणं मागे घेतलं की आकडा पन्नासवर येणार आणि तडजोड वाचणार. अकराच! मी म्हटलं, हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ!

सोमवारी मी पंधरा घरांची यादी केली आणि निघालो.

“आजी, तुम्ही नाही म्हटल्यामुळे सगळ्यांचंच जाईल हो! एवढी सही करा.”

“नको रे बाळा. माझ्या एकटीमुळे काय अडतंय? दुसऱ्या कुणाला तरी विचार.”

ज्या ज्या घरी गेलो तिथे हेच! दुसऱ्याला विचार! आणि प्रत्येक घरी कॉफी, प्रत्येक घरी वडी, प्रत्येक घरी ती तीनदा विचारणार आणि मी दोनदा नको म्हणणार! अर्ध्या तासाच्या आत सुटका नाही. बुधवारी दुसरी फेरी. “खरंच नको, मर्ल.” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे नकार नव्हतेच! ही सगळी तिसऱ्यांदा विचारायची वाट बघत होती!

शुक्रवारी सकाळी सातला मी तिसऱ्या फेरीला लागलो आणि सह्या पडू लागल्या. “बरं, तू म्हणतोसच आहेस तर.” एक. दोन. पाच. तीन वाजेपर्यंत दहा झाल्या! पोटात चाळीस वड्या आणि एवढी कॉफी की डोळा आपोआप मिचकत होता. त्यातून एका बाईचा गैरसमजही झाला. यादीतले उरलेले चौघे मासेमारीच्या स्पर्धेसाठी सरोवरावर, मैलभर आत बर्फात भोक पाडून बसलेले. यादीबाहेरच्या नव्या घरी तीन-तीन फेऱ्या घालायला आता वेळ नव्हता, म्हणजे उरला एकच.

ऑर्विनकडे मी सोमवारी गेलो नव्हतो, बुधवारीही नाही. त्याचं घर यादीत पहिलं होतं आणि माझ्या दारापासून चाळीस पावलांवर. पण मला दर वेळी दुसरं कुठलं तरी घर जवळचं वाटायचं.

पावणेचारला मी त्याची बेल वाजवली. स्वयंपाकघरात छान गोड वास येत होता. ऑर्विनने कॉफी ओतली. मी फॉर्म टेबलावर ठेवला आणि एका दमात सगळं सांगितलं. अकरावी सही तुझी. पाच वाजता मुदत. तुझ्या एका सहीवर एकोणीसशे लोकांचे फ्रीझर. आणि ते पत्र! पत्र येईल ऑर्विन, तुझी चूक नव्हती असं लिहिलेलं!

त्याने चष्मा लावून फॉर्म सावकाश वाचला. तो वाचतो सावकाशच. घड्याळात चार वाजले.

“यात लिहिलंय, ‘माझ्या फ्रीझरचं झाकण सदोष होतं, हे मी शपथेवर सांगतो.’”

“हो. ते सगळ्यांच्याच फॉर्मवर आहे.”

“माझ्या फ्रीझरचं झाकण चांगलं आहे, मर्ल. अजून चांगलं आहे. चल, दाखवतो.”

“आकसलं असेल रे आतून! मेकॅनिक म्हणाला, सगळ्यांचंच...”

“मर्ल,” तो म्हणाला, “माझ्या फ्रीझरला काय झालं होतं?”

त्याने हे रागाने विचारलं नाही. उद्या हवा कशी आहे असं विचारावं तसं विचारलं. सही हवी असेल तर ‘रबर’ म्हणायचं होतं. तीन वर्षं, आठ महिने, सहा तासांची उलटतपासणी, सगळं त्या एका शब्दासाठी तर केलं होतं! 

“प्लग मी काढला होता,” मी म्हटलं. “जानेवारीत. गाडीला वायर लावायला. परत लावायचा राहिला. आणि एप्रिलमध्ये मी तो तुझ्या नकळत लावला. चौदा डबे माझ्यामुळे गेले, ऑर्विन. मला माफ कर.”

ऑर्विनने चष्मा काढला.

“ठाऊक आहे,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

तो उठला, गॅरेजमध्ये गेला आणि परत आला. हातात माझी नारिंगी वायर होती. छान गोल गुंडाळलेली, दोरीने बांधलेली. टोकाला पांढरी पट्टी, पट्टीवर ठळक अक्षरात नाव. एम. स्कोगस्टाड.

“तू धावत आलास ना, त्याच्या आधीच बघितली होती,” तो म्हणाला. “बादली आणायला गेलो तो तुला बोलता यावं म्हणून. परत आलो तर प्लग जागेवर. म्हटलं, लाजला असेल. सांगेल उद्या.”

“आणि ते झाकणाचं? तीन वर्षं गावभर सांगत होतास ते?”

“लोक विचारायचे. मग काय तुझं नाव सांगू?”

 ज्याची सुटका करायला मी एक कंपनी कोर्टात ओढली, तो तीन वर्षं माझ्यावर पांघरूण घालून बसला होता. आणि वाट बघत होता. मी दर आठवड्याला त्याच्याकडे कॉफी प्यायला जात होतो आणि तो दर आठवड्याला वाट बघत होता.

“मग तू तरी बोलायचंस ना!”

“मी काय बोलणार? ते तुझं वाक्य होतं.”

ऑर्विनने दोन्ही कप पुन्हा भरले. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले. माझ्या खिशातला फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. रेनीबाई असणार. मी तो काढला नाही. एकोणीसशे फ्रीझर माझ्या खिशात थरथरत होते आणि मला बघायचा धीर होत नव्हता. कंपनीने त्या रात्रीच तडजोड मोडली. केस परत पहिल्यापासून चालू आहे, आता पुढे उभी राहणारी बाई डकोटाची आहे. तिला प्रश्न आला की ती वकिलांकडे पाठवते म्हणे.

पाचनंतर ऑर्विनने कपाटावरून पत्र्याचा डबा काढला. आत खजुराच्या वड्या. एका बाजूने जरा करपलेल्या.

“मार्लिसच्या वहीत बघून केल्या,” तो म्हणाला. “पहिल्यांदाच. घे.”

मला त्या वेळी जगात दुसरं काही नको होतं, ती करपलेली वडी हवी होती. पण साठ वर्षांची जीभ! ती आपोआप म्हणाली, “नको, नको.”

“घे रे एक.”

“नाही, खरंच नको. दिवसभर वड्याच खातोय.”

आणि मी मान जरा खाली घालून तिसऱ्यांदा विचारायची वाट बघत बसलो. हातसुद्धा मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला होता.

ऑर्विनने माझ्याकडे बघितलं. मग डब्याचं झाकण लावलं. दोन्ही अंगठ्यांनी, चारही कडांनी, नीट दाबून. आणि डबा कपाटावर ठेवून दिला.

घरी येऊन मी वायर खुंटीला टांगली आणि लॅव्हॉनला सगळं सांगितलं. प्लगचं, एप्रिलचं, वायरचं. ती पेला पुसत ऐकत होती. वडीपाशी आलो तेव्हा मात्र तिने हातातला पेला खाली ठेवला.

“तिसऱ्यांदा विचारलंच नाही?”

“नाही.”

“अरे देवा!” ती म्हणाली. “एवढा चिडलाय?”